पांढरं पाणी जातं म्हणजे बाई घाणेरडी नसते

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. तपासणीला आलेल्या एका बाईनं पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. बुरशीवरच्या गोळ्यांची तीन रिकामी पाकिटं, खाजेच्या मलमाची पिळून काढलेली ट्यूब आणि जंतुनाशकाची अर्धी बाटली. आठ महिने अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय. घरात कुणी तरी म्हणालं, ‘तू स्वच्छ राहत नाहीस.’ तेव्हापासून ती रोज दोनदा आतून धुतेय.

आणि वास वाढतच गेला. वाढणारच! योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे आपल्या फायद्याचे जीवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे आतला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.८ ते ४.५ च्या आसपास राहतो आणि बाकीच्या जंतूंना तिथे टिकता येत नाही. आतून साबण किंवा जंतुनाशक फिरवलं की आधी हेच मरतात. मग गार्डनरेला आणि प्राणवायूविना वाढणारे इतर जीवाणू बोकाळतात, योनीच्या भिंतीवर चिकट थर धरतात. याचं नाव बॅक्टेरियल व्हजायनोसिस. जगभरात मूल होण्याच्या वयातल्या साधारण चारांतल्या एकीला हे होतं. या सगळ्या बायका अस्वच्छ आहेत का?

बुरशीच्या गोळ्यांनी तिला गुण येणं शक्यच नव्हतं. बुरशी असेल तर खाज भयंकर सुटते, स्राव घट्ट आणि गुठळ्यांचा असतो, वास फारसा नसतो. हिचा स्राव पातळ, राखाडी-पांढरा. वास मासळीसारखा, संबंधानंतर आणि पाळीत जास्त, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही आतलं आम्ल मोडतात. एवढे दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

तपासणीही अवघड नाही. चार खुणा बघायच्या, तीन जुळल्या की निदान पक्कं: तसा स्राव, पीएच ४.५ च्या वर, स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच उठणारा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाचातल्या एकीहून जास्त पेशींच्या कडा जंतूंच्या दाटीनं पुसट झालेल्या. फक्त पीएचच्या पट्टीला स्राव योनीच्या बाजूच्या भिंतीवरचा लावा. गर्भाशयमुखाचा चिकट द्रव लागला, पाळीचं रक्त असलं किंवा आदल्या रात्री संबंध आला असला तर पट्टी फसवते. गावात सूक्ष्मदर्शक नसतो, मान्य. पण पट्टी आणि नाक तर असतं!

खेड्यातल्या बायकांचे धोके वेगळे मोजावे लागतात. पाणी लांबून आणायचं, आडोसा नाही, पाळीचं कापड अंधाऱ्या कोपऱ्यात ओलसरच वाळवायचं आणि तेच पुन्हा वापरायचं. कापड मुळात वाईट नाही हो. साबणानं धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवलेलं चालतं. पण उन्हात घालायची लाज कोणी लावली? तांबीमुळेही (कॉपर-टी) हे होण्याचा संभव थोडा वाढतो, धूम्रपानानं वाढतो, जोडीदार बदलला तर वाढतो. आणि जोडीदार बाईनंच बदललेला असतो असं नाही. महिनोन् महिने कामासाठी बाहेर राहून आलेल्या नवऱ्याला कोणी काही विचारत नाही.

उपचार साधा आहे. मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. चौदाच्या चौदा गोळ्या. तोंडाला धातूची चव येते, तिसऱ्या दिवशी वास जातो, आणि बायका गोळ्या सोडून देतात. तो चिकट थर मात्र तिथेच असतो. गोळी सोसत नसेल तर २ टक्के क्लिंडामायसिनचं क्रीम, ५ ग्रॅम, रात्री झोपताना आत, ७ दिवस. त्या क्रीमनं निरोध कमकुवत होतो, हे कोणी सांगत नाही. पोटात बाळ असेल तर अंगावर काढू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी याचा संबंध आहे. तपासून औषध घ्या, गरोदरपणातही देता येतं.

सगळं नीट घेऊनही वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना पुन्हा होतं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पुरुष जोडीदारांनाही ७ दिवस गोळ्या आणि शिश्नावर लावायला क्रीम दिलं. १२ आठवड्यांत पुन्हा होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. इतकी वर्षं एकटीच्याच माथी मारलं!

त्या बाईनं जाताना तीनदा विचारलं, ‘मग आतून कशानं धुवायचं?’ कशानंच नाही, बाई. बाहेरून साधं पाणी, बस्स. तिला ते खरं वाटेना. पिशवी आवरताना ती बाटली हातात धरून किती तरी वेळ उभी होती. शेवटी टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाली, ‘हे आमच्या घरी येऊन सांगाल का?’