स्त्रीवाद शिकवावा, पण बेताने

‘समीक्षेचे दृष्टिकोन’ हा पेपर यंदा तुमच्या गळ्यात पडला असेल, तर सर, घाबरू नका. मार्क्सवाद गेल्या वर्षीच्या नोट्सवर निघतो. संरचनावाद कुणालाच कळत नाही, त्यामुळे त्याचा त्रासही होत नाही. जपायचं ते फक्त स्त्रीवादी समीक्षेला. आपल्या गोव्यातल्या कला शाखेच्या वर्गात मुलगे मागच्या दोन बाकांवर मावतात, बाकी सगळ्या मुली. त्यांना स्त्रीवाद शिकवायचा आणि त्यांच्या घरी काही कळू द्यायचं नाही, हे कौशल्याचं काम आहे.

पहिली खबरदारी कथा निवडताना घ्या. कथा परदेशातली हवी. कुळागरातली (माडा-पोफळींच्या बागेतली), तुळशीवृंदावनातली, चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) खपणारी बाई कथेत आली, की वर्गात कुणाची तरी आत्या निघते. केट शोपॅनची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ उत्तम. 1894 सालची, अमेरिकेतली, दोन-तीन पानांची. शिवाय शेवटी नायिका मरते, म्हणजे तिचं पुढे काय, हा प्रश्नच उरत नाही.

कथा लगेच उघडू नका. आधी स्त्रीवादी लेखिका आणि त्यांच्या पुस्तकांच्या सालांनी फळा भरा. व्हर्जिनिया वुल्फ 1929, सिमोन द बोव्हा 1949, केट मिलेट 1970. मग समीक्षक एलेन शोवॉल्टर आणि तिचे तीन टप्पे: 1840 ते 1880, 1880 ते 1920, आणि 1920 नंतरचा. हे टप्पे तिने इंग्लंडच्या कादंबरीकार बायकांसाठी पाडले होते आणि आपण ते अमेरिकन लघुकथेला लावतोय, हे कुणी विचारणार नाही. तक्ता आखला की वह्या आपोआप चालू होतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 1882 मध्येच ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून बसल्यात, ही जरा अडचण आहे. त्यांना ‘भारतीय संदर्भ’ या उपशीर्षकाखाली एक ओळ द्या. पुस्तक वर्गात वाचून मात्र दाखवू नका. बाई जे दुर्गुण बायकांना चिकटवले जातात ते एकेक करून पुरुषांच्या पदरात टाकत जातात, आणि त्या भाषेला मागचे दोन बाकसुद्धा जागे होतात.

आता कथा. मिसेस मॅलार्डचं हृदय कमजोर. नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी बहीण अडखळत, सांभाळून सांगते. ही रडते, वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेते, उघड्या खिडकीसमोर खुर्चीत बसते. बाहेर झाडांचे शेंडे, नुकत्याच पडलेल्या पावसाचा वास, रस्त्यावर कुणी फेरीवाला ओरडतोय. आणि तिच्या तोंडून हळूच निघतं की आपण मोकळ्या झालो. मग खाली दार उघडतं आणि नवरा छत्री-बॅग घेऊन धडधाकट आत येतो. त्याला अपघाताचा पत्ताच नाही. ही जागच्या जागी मरते. डॉक्टर सांगतात, आनंदाने गेली.

इथे वर्गाला ताबडतोब ‘पुरुषसत्ताक व्यवस्थेतील स्त्रीची घुसमट’ असं लिहून द्या. लगोलग खलनायक शोधायला लावा. वाईट नवरा हाती लागला की वर्ग निर्धास्त होतो. आपले बाबा काही असे नाहीत, म्हणून प्रत्येकीला सुटल्यासारखं वाटतं. गोची एवढीच की या कथेतला नवरा वाईट नाही. त्याने तिच्याकडे कधी प्रेमाशिवाय पाहिलं नाही, असं कथेत स्पष्ट आहे. तो परिच्छेद झेरॉक्स काढताना राहून गेला तर उत्तम. नाहीतर कुणीतरी विचारेल की माणूस इतका चांगला असताना ती मोकळी कशापासून झाली? चांगल्या माणसाच्या हातातसुद्धा दुसऱ्याचं अख्खं आयुष्य असू शकतं, हेच कथेला म्हणायचंय. तिथे तास पोचला की खलास.

नायिकेचं नाव एका गुणाच्या प्रश्नात टाका. उत्तर: लुईझ. पण हे नाव कथेत येतं कुठे, ते दाखवू नका. पहिल्या ओळीत ती मिसेस मॅलार्ड, नंतर नुसती ‘ती’, आणि नवरा मेला असं सगळे धरून चालतात तेव्हा कुठे बहीण कुलपाच्या भोकाला तोंड लावून तिला नावाने हाक मारते. एखाद्या मुलीने हे हेरलंच, तर दुसरीला मे महिन्यात झालेलं ताईचं लग्न आठवतं. ताटात तांदूळ पसरले, भावोजींनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्याने ताट उजेडात धरायला सांगितलं. आता ताईचं जुनं नाव फक्त मार्कलिस्टवर. अशा वेळी ‘आपली संस्कृती वेगळी आहे’ हे वाक्य कामी येतं. ते मोठ्याने म्हणा आणि खिडकी लावायला सांगा, पाऊस आत येतोय.

त्यानंतर तोच तो प्रश्न येणार. गोव्यात येतोच. तुम्ही सांगत असता की त्या काळी बाईच्या हाती मालमत्ता नव्हती. मधल्या रांगेतली एक हात वर करते. “सर, आमच्याकडे तर 1867 च्या पोर्तुगीज कायद्यापासून मुलीला मुलाएवढा वाटा. बायकोची सही असल्याशिवाय घोवाला (नवऱ्याला) भाट (माडांची बाग) विकता येत नाही.” काही राज्यं सोडली तर बाकीच्या देशात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जागा मिळायला 2005 साल उजाडलं, तेव्हा तुम्हीही अभिमानाने मान डोलावता. तिथेच फसता. कारण तिचं पुढचं वाक्य असतं, “मग माझ्या दोन्ही आत्यांनी नोटरीकडे जाऊन हक्क सोडल्याची सही का केली? बाबा म्हणाले, माहेर तुटायला नको.” आता तुमच्यापुढे जिवंत संहिता, म्हणजे कथेसारखा वाचायचा मजकूरच, उभी आहे. तिच्यात कायद्याने दिलेलं आहे, मायेने काढून घेतलेलं आहे आणि खलनायक कुठेच नाही, अगदी शोपॅनच्या कथेसारखं. त्या मुलीला खाली बसवा. म्हणा, “हे समाजशास्त्रात येतं.”

ती बसली की फळ्यावर लिहा: ज्युडिथ फेटर्ली, 1978, ‘प्रतिकार करणारी वाचक’. खाली व्याख्या: पुरुषाच्या नजरेने वाचायची जी सवय बाईला लावलेली असते, ती मोडून, संहितेला अडवत, प्रश्न विचारत वाचणारी ती. व्याख्या सावकाश सांगा, दोनदा सांगा, कुणी मध्ये बोललं तर गप्प करा. परीक्षेला हमखास येते.

कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’साठी कार्यक्रम लागतोच. 8 मार्च बघा. पाहुणे पुरुष, अध्यक्ष पुरुष, आभाराला मॅडम. साड्या नेसून ओवाळायला आणि दारात गुलाब द्यायला मुली, विषय ‘साहित्यातील स्त्री-सबलीकरण’. जिओटॅग केलेला फोटो विसरू नका. भाषण लांबणारच, तेव्हा गोव्याच्या दोन टोकांच्या, पेडण्या-काणकोणच्या मुलींना आधी सोडा, शेवटची बस चुकली तर घरून फोन येतो आणि मग पुढच्या वर्षी ती मुलगी कॉलेजात दिसतेच असं नाही.

पेपर तपासताना हात आखडता घ्या. ‘लुईझच्या मृत्यूची स्त्रीवादी मीमांसा करा’ या दहा गुणांच्या प्रश्नाला तीन टप्पे, चार नावं आणि ‘घुसमट’ हा शब्द किमान दोन ठिकाणी असेल, तर आठ. त्या मधल्या रांगेतलीने लिहिलेलं असतं, “तिचं मरण कशाने झालं हे ठरवणारे सगळे डॉक्टर पुरुष होते, आणि खोलीत ती काय म्हणाली ते त्यांच्यापैकी एकानेही ऐकलं नव्हतं.” टप्पे नाहीत, नावं नाहीत, सालं नाहीत. चार द्या. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेऊन आली, तर अर्जावर वडिलांची सही आणायला सांगा.