युबाबाला शिक्षा का होत नाही

दिवाळीच्या सुट्टीत भाच्यांना 'स्पिरिटेड अवे' दाखवावा, असे मी घरच्या ग्रुपवर सुचवले आणि पुण्याहून भाऊजींचे उत्तर आले: आईवडिलांची डुकरे होतात, खलनायिकेला शिक्षा होत नाही, शेवट गुंडाळलेला आहे, मुलांनी यातून काय घ्यायचे? दिवसभर मी धुमसत राहिले. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या या २००१ च्या ॲनिमेशनपटाला बर्लिन चित्रपट महोत्सवाचे सुवर्ण अस्वल आणि पुढे ऑस्करही मिळाले, हे मी तत्काळ कळवले. पाठवल्यावर जाणवले की ते उत्तर नव्हे.

शेवटाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. पूर्ण पटकथा हाती नसताना मियाझाकी चित्रांच्या चौकटी काढत कथा पुढे नेतात आणि त्याची खूण उत्तरार्धात दिसते: खलनायिका युबाबाची जुळी बहीण फार उशिरा येते, नायिका चिहिरोला साथ देणाऱ्या हाकूची ओळख एका आठवणीत सोयीने उलगडते, आणि समोरच्या डुकरांत आपले आईवडील नाहीत हे चिहिरो कशावरून ओळखते, ते कळत नाही.

शिक्षेचा आग्रह मात्र मला पटत नाही. देवांसाठी स्नानगृह चालवणारी युबाबा कामगारांना राबवून घेते आणि आपल्या बाळावर जीवही टाकते. भाऊजी मालवणचे आहेत, म्हणून त्यांनाच विचारते: देवचाराला, गाव राखणाऱ्या भुताला, आपण वाईट ठरवून शासन करतो का? त्याचा मान त्याला देतो आणि त्याच्या वाटेतून बाजूला होतो.

२०२० साली हा चित्रपट इथे जपानमध्ये पुन्हा लागला, तेव्हा टोकियोतल्या निशिकासाईहून जाऊन मी तो पडद्यावर पाहिला. दुर्गंधीने माखलेला देव स्नानगृहात येतो, चिहिरोच्या हाताला त्याच्या अंगात रुतलेले काहीतरी लागते, सगळे मिळून दोर ओढतात आणि सायकलीपाठोपाठ भंगाराचा ढीग बाहेर कोसळतो. तो देव म्हणजे नदी असते. मी मुठेकाठी वाढले, शाळेत नदीवर निबंध लिहिले, पण नदीला यातना होत असतील हे मला त्या अंधारात प्रथम जाणवले. हाकूची नदी बुजवून तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, हेही हाच चित्रपट सांगतो. भाऊजींना ते मी लिहिले नाही.

युबाबा करारावरची नावाची अक्षरे हाताने उचलून मुठीत घेते आणि एकच मागे ठेवते. चिहिरोची 'सेन' होते. पुढे हाकूने परत दिलेल्या कपड्यांत मैत्रिणीचे निरोपाचे कार्ड सापडते, त्यावर ती स्वतःचे नाव वाचते, आणि मग ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाताना तिच्या डोळ्यांतून टपोरे थेंब गळू लागतात. तिथे मला दर वेळी रडू येते. मृण्मयी हे माझे नाव कातकानात, म्हणजे परकी नावे लिहायच्या जपानी लिपीत, नीट बसत नाही, म्हणून पहिल्याच नोकरीत मी 'माई-सान' झाले आणि सोपे पडते म्हणून तशीच राहिले. आता दवाखान्यात कोणी पूर्ण नाव पुकारले, तर उठायला मला क्षणभर वेळ लागतो.

भाऊजींना बाकीचे सारे सविस्तर लिहून पाठवले, तेव्हा खाली सवयीने 'माई' अशी सही केली होती. ताईने तेवढेच विचारले, "माई कोण गं?"