‘सेल्फ-हेल्प’ गरिबांनाच दोषी धरते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्कॉटिश लेखक सॅम्युएल स्माइल्स यांच्या १८५९ सालच्या ‘सेल्फ-हेल्प’ या पुस्तकावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. कष्ट, काटकसर आणि चिकाटी यांचा उपदेश करून हे पुस्तक गरिबीचे खापर गरिबांच्याच माथी फोडते, ते केवळ यशस्वी झालेल्यांच्या कथा सांगते आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या हाती ते देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय, असे आपले म्हणणे आहे. यातील पहिला आक्षेप मला पटत नाही. दुसरा मात्र आपण मांडला आहे त्याहूनही गंभीर आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या आक्षेपाबाबत पुस्तकाची जन्मकथा लक्षात घ्यावी लागेल, आणि ती प्रस्तावनेतच आलेली आहे. इंग्लंडमधील लीड्स शहरातील दोन-तीन कामकरी तरुण संध्याकाळी एकत्र जमून आपल्याला जे येते ते एकमेकांना शिकवू लागले. संख्या वाढत जाऊन घरातली जागा पुरेना, तेव्हा त्यांनी एक मोठी, कळकट खोली भाड्याने घेतली. पटकीच्या साथीत ती तात्पुरते रुग्णालय म्हणून वापरली गेली होती, त्यामुळे तिथे पाऊल टाकायला कोणी धजत नव्हते आणि तिला भाडेकरूही मिळत नव्हता. या मुलांनी तिथे दिवे लावले, काही बाके आणि एक साधे टेबल आणून ठेवले आणि वाचन, लेखन, गणित यांचे वर्ग सुरू केले. संख्या शंभराच्या घरात गेल्यावर ‘आमच्याशी थोडे बोला’ अशी विनंती त्यांनी स्वतः स्माइल्स यांना केली आणि १८४५च्या सुमारास दिलेल्या त्या व्याख्यानांतून पुढे हे पुस्तक आकाराला आले. ज्यांनी आधीच कंबर कसली होती त्यांना हुरूप देणारे हे बोलणे होते. पहिल्याच वर्षी सुमारे २०,००० प्रती खपल्यावर तेच शब्द सुखवस्तू घरांतही पोहोचले, आणि मालकाने नोकराला ऐकवायचे झाल्यास त्याच शब्दांचा अर्थ किती बदलतो, हे वेगळे सांगायला नको. आपला राग त्या वापरावर असेल, तर मी आपल्याच बाजूचा आहे.

स्वतः स्माइल्स व्यवस्थेबद्दल मूग गिळून बसलेले नव्हते. लीड्समध्ये त्यांनी वृत्तपत्राचे संपादन केले, मताधिकार वाढवण्यासाठी झटणाऱ्या संघटनेचे चिटणीसपद सांभाळले, आणि १८७५ च्या ‘थ्रिफ्ट’ या पुस्तकात तर त्यांनी सत्ताधाऱ्यांची सालटीच काढली आहे. साथ पसरली की दोष कोणाचाच नाही, अन्नात भेसळ झाली, गढूळ पाणी आले, गटारे तुंबली तरी जबाबदार कोणीच नाही, मग सर्वांत जास्त नासधूस हा ‘कोणीच नाही’ नावाचा इसमच करतो म्हणायचा, असा तो उपहास आहे. त्यांचे वडील १८३२ च्या पटकीच्या साथीतच गेले होते, त्यामुळे हा संताप मला उसना वाटत नाही.

आता दुसरा आक्षेप. अपयशी माणसांची चरित्रे का नाहीत, हा प्रश्न स्माइल्स यांना त्यांच्या हयातीतच विचारला गेला होता. निव्वळ अपयशाची नोंद निराशाजनक आणि फारशी बोधप्रद नसलेली ठरेल, असे त्यांनी १८६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत उत्तर दिले. मला ते उत्तर तोकडे वाटते. मात्र माझी खरी अडचण यशोगाथांच्या आत आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच कुंभार बर्नार पालिसी याचे प्रकरण पाहावे. पांढरी झिलई वितळेना आणि सरपण संपले, तेव्हा त्याने बागेचे कुंपण उपटून भट्टीत घातले, मग घरातील सामान फोडले, शेवटी फळ्याही जाळल्या. बायकोमुले ‘याला वेड लागले’ असा आक्रोश करीत गावभर धावली. स्माइल्स यांना इथे अजोड चिकाटी दिसते. त्या बाईने त्या रात्री चूल कशावर पेटवली असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाही. (वडिलांच्या मागे दुकान चालवून त्यांच्या आईने घर सावरले, म्हणूनच त्यांचे स्वतःचे वैद्यकीय शिक्षण पार पडले होते, हे विशेष.) ज्यांच्या खांद्यावर उभे राहून नायक उंच दिसतो, ती माणसे या पुस्तकात जवळजवळ नाहीत, आणि त्यात स्त्रियांची संख्या मोठी आहे. माझ्या दृष्टीने पुस्तकाचा खरा उणेपणा हाच आहे.

तरीही नापास झालेल्या मुलाच्या हाती हे पुस्तक देणार का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, फक्त निकालाच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी त्याला जेवायला घालावे आणि फेरपरीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख शोधून द्यावी. नंतर पुस्तक देताना मी त्याला प्रस्तावनेतील ती खोली आधी वाचायला सांगेन, कारण तिथे एकटा नायक नाही. पालिसीचे प्रकरण तो वाचेल तेव्हा मात्र मला शेजारी बसायला आवडेल. त्यावर वाद घालण्यासारखे पुष्कळ आहे.

आपला स्नेहांकित,
ब्लॉगलेखक