‘ईमेल सेवा सगळ्या सारख्याच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

खाजगीपणाचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक युक्तिवाद हमखास फिरायला लागतो. शब्द दर वेळी वेगळे, मुद्दे तेच. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही. गूगलने 2017 मध्येच जाहिरातींसाठी मेल वाचणं थांबवलं. प्रोटॉनसारख्या ‘सुरक्षित’ म्हणवणाऱ्या सेवासुद्धा पोलिसांना माहिती देतात. समोरचा माणूस जीमेलवरच असतो. आणि एवढंच वाटत असेल तर देशी सेवा घ्या. थोडक्यात, सगळ्या सारख्याच, तेव्हा आहात तिथेच राहा.

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो ऐकून माणसं प्रयत्नच सोडून देतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्याने आपल्या इनबॉक्समध्ये ‘स्टेटमेंट’ हा शब्द शोधून बघावा. बँकेची पीडीएफ कुलूपबंद असते, पण पासवर्ड कसा तयार होतो हे बऱ्याचदा त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं: नावाची पहिली 4 अक्षरं आणि जन्मतारीख. नाव पत्त्यातच दिसतं. जन्मतारीख वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणाऱ्या कुठल्या तरी दुकानाच्या मेलवरून कळते. शेजारीच फॉर्म 16, रक्ततपासणीचा रिपोर्ट, मुलाच्या फीची पावती. शिवाय इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका इथेच येतात, म्हणजे इनबॉक्स ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाकीचं सगळं. आणि त्यात फक्त आपलं नसतं. बहिणीने पाठवलेला तिचा रिपोर्ट उघडा ठेवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आधी लपवण्यासारखं काही आहे ते दाखवा, अशी अट त्यात नाही.

आता 2017 ची घोषणा. ती खरी आहे. पण थांबलं ते जाहिराती ठरवण्यासाठी मेल चाळणं, एवढंच. स्पॅम गाळायला, मेलची वर्गवारी करायला, उत्तरं सुचवायला मजकूर यंत्राखालून जातोच. स्पॅम गाळण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते बहुतेक सगळ्याच सेवा करतात. पण 2019 मध्ये उघड झालं की जीमेलमध्ये आलेल्या पावत्यांवरून लोकांच्या खरेदीची वर्षानुवर्षांची यादी गूगल खात्यात तयार होत होती, गूगलशी संबंध नसलेल्या दुकानांमधल्या खरेदीसकट. त्याआधी 2018 मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत आलं की जीमेलला जोडलेल्या बाहेरच्या ॲपवाल्यांपैकी एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी आपली प्रणाली सुधारण्यासाठी सुमारे 8,000 मेल स्वतः वाचले होते. परवानगीचं बटण वापरणाऱ्यांनीच दाबलेलं होतं, म्हणून नियमभंगही नाही. ‘आम्ही वाचत नाही’ हे धोरण असतं आणि धोरण एका बैठकीत बदलतं. ‘आम्हाला वाचताच येत नाही’ ही रचना असते. आपण मागायला हवी ती रचना.

प्रोटॉनचा मुद्दा सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून तो नीट बघू. सप्टेंबर 2021 मध्ये बाहेर आलं की जिनिव्हाच्या या कंपनीने फ्रान्समधल्या एका हवामान कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे तो कुठल्या इंटरनेट जोडणीवरून येतो ते सांगणारा क्रमांक, नोंदवून दिला. फ्रेंच पोलिसांनी युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेमार्फत विनंती केली, स्विस अधिकाऱ्यांनी आदेश काढला, कंपनीला तो पाळावा लागला. आयपी पत्ता नोंदवत नाही असं सुचवणारा संकेतस्थळावरचा मजकूर नंतर बदलण्यात आला. तो आधीच बदलायला हवा होता, ही टीका मला पूर्ण मान्य आहे.

पण काय दिलं गेलं आणि काय नाही, तेही बघा. साठवलेल्या मेलचा मजकूर दिला गेला नाही, कारण तो एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, ठेवलेला असतो आणि ती किल्ली कंपनीकडे नसते. याच्याशेजारी 2013 मधलं लॅव्हाबिटचं प्रकरण ठेवा. टेक्ससमधली ही छोटी ईमेल सेवा अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणारा एडवर्ड स्नोडेन वापरत होता. एफबीआयने मागितली ती अख्ख्या संकेतस्थळाची खाजगी किल्ली, जिच्यामुळे तिथल्या लाखो ग्राहकांचा व्यवहार उघडा पडला असता. मालक लडार लेव्हिसनने ती आधी 4 पॉइंटच्या बारीक टायपात 11 कागदांवर छापून दिली. न्यायालयाने रोज 5,000 डॉलरचा दंड लावल्यावर वापरता येईल अशा रूपात द्यावी लागली, आणि ऑगस्टमध्ये त्याने सेवाच बंद केली. माणूस प्रामाणिक होता, झुंजलाही. तरी अशी मागणी होऊ शकली, कारण सगळ्यांचं कुलूप उघडणारी एक किल्ली त्याच्याकडे होती.

जर्मनीतही हेच दिसलं. हॅनोव्हरच्या टुटानोटाला, म्हणजे आताच्या टुटाला, कोलोनच्या न्यायालयाने 2020 मध्ये एका खात्यात येणारे मेल पुरवायला सांगितलं. बाहेरून साधे, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेले, आलेले मेल देणं भाग होतं, पण आधीच एन्क्रिप्ट असलेले मेल उघडून देणं शक्य नव्हतं. कायदा सगळ्यांना लागू होतो, म्हणून सगळे सारखे ठरत नाहीत. हातात असेल तेवढंच देता येतं, आणि प्रत्येकाच्या हातात किती आहे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याचा अर्थ प्रोटॉन घ्या आणि निर्धास्त व्हा, असाही नाही. तिथे मेलचा विषय टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्ट नसतो, म्हणजे तो कंपनीला वाचता येतो. टुटा विषयही झाकते, पण आयमॅप (आपल्या पसंतीच्या प्रोग्राममधून मेल वाचायची सोय) देत नाही, म्हणजे मेल तिच्याच ॲपमधून वाचावे लागतात. प्रोटॉनचं आयमॅप संगणकावरच्या ‘ब्रिज’ नावाच्या प्रोग्राममधून, तेही पैसे भरणाऱ्यांना. दोघांच्याही ॲपचा कोड खुला आहे, म्हणजे कोणालाही वाचता येतो, सर्व्हरवरचा नाही. माझा कल बर्लिनच्या मेलबॉक्स डॉट ऑर्ग किंवा पोस्टिओसारख्या सेवांकडे आहे. साधं आयमॅप मिळतं, थंडरबर्ड या संगणकावरच्या मुक्त मेल प्रोग्राममध्ये मेल वाचता येतात, आणि एन्क्रिप्शनची किल्ली आपल्या संगणकावर आपणच बनवतो. थंडरबर्डमध्ये ही सोय 2020 पासून आतच आहे. ब्राउझरमध्ये मेल उघडताना दर वेळी कंपनीने पाठवलेला कोड चालतो. स्वतःचा मुक्त प्रोग्राम वापरला तर तो कसा चालतो हे तपासता येतं, बदलता येतं. पोस्टिओ महिन्याला 1 युरो घेते. ज्यांचा धंदाच आपल्या पैशावर चालतो त्यांना आपली माहिती विकायची गरज उरत नाही.

समोरचा जीमेलवर असतो, हे खरंच आहे. बेंजामिन माको हिल या अमेरिकी संशोधकाने 2014 मध्ये मोजून पाहिलं: स्वतःचा मेल सर्व्हर चालवूनही त्याचा निम्म्याच्या आसपास खाजगी पत्रव्यवहार गूगलकडे होताच. पण उरलेला निम्मा नव्हता. आणि पंधरा-वीस वर्षांचा ढीग, नकाशे, शोध आणि यूट्यूबसकट एकाच नावाखाली गोळा झालेला, तोही नव्हता.

देशी सेवेबद्दल. ऑक्टोबर 2025 मध्ये अमित शहा यांनी झोहो या भारतीय कंपनीच्या मेलवर गेल्याचं जाहीर केलं, आणि केंद्राच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची ईमेल खाती झोहोच्या यंत्रणेवर असल्याच्या बातम्या आल्या. तेव्हापासून ‘देशी म्हणजे खाजगी’ हे समीकरण घट्ट झालंय. झोहो जाहिराती दाखवत नाही आणि ग्राहकाच्या पैशावर चालते, हे चांगलंच आहे. परदेशी कंपनीवर अवलंबून न राहण्याचं महत्त्वही मी मानतो. पण तिच्या नेहमीच्या मेलची किल्ली कंपनीकडे असते, सॉफ्टवेअर बंदिस्त आहे, आणि सरकारला माहिती उघडून मागण्याचा अधिकार देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69 भारतात चालणाऱ्या सेवेला लागू आहेच. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 17 केंद्राला आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देण्याची मुभा देतं. सर्व्हर कुठे आहे यावरून कोणाचा कायदा चालेल ते ठरतं, किल्ली कोणाकडे ते ठरत नाही.

उलट, परदेशी सेवाही उद्या इथे बंद होऊ शकते. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात रोखण्याची कार्यवाही करावी, असा आदेश केंद्राला दिला होता.

म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्या फिरत्या मजकुरात येतच नाही: सेवा सोडायची वेळ आली तर आपला पत्ता आपल्याबरोबर येतो का? 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी डॉक्टरांना दाखवायला आपल्या लहान मुलाच्या सुजलेल्या भागाचे फोटो काढले. गूगलच्या यंत्राने ते बाल लैंगिक शोषणाचे ठरवले आणि खातं बंद केलं. मेल गेले, फोटो गेले, फोन नंबरही गूगलचाच होता, तोही गेला. पोलिसांनी तपास करून त्यांना निर्दोष ठरवलं. खातं तरीही परत मिळालं नाही.

स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, असेल तर सेवा बदलूनही पत्ता तोच राहतो, मोबाइल नंबर पोर्ट करता येतो तसं. जुने मेल परत मिळणार नाहीत, म्हणून त्यांची प्रत आपल्या संगणकावर हवी, पण बँकेचा पुढचा मेल आपल्याकडेच येईल. डॉट इन डोमेनचा साधारण खर्च वर्षाला हजार रुपयांच्या आसपास. मेलबॉक्स डॉट ऑर्ग आणि प्रोटॉनच्या काही सशुल्क योजनांत ते जोडता येतं. पोस्टिओत येत नाही, ही तिची मोठी उणीव.

बदल बँक आणि आयकरापासून सुरू करा, खरेदीची संकेतस्थळं मागाहून. जुनं खातं निदान वर्षभर चालू ठेवा, कारण विम्यासारखे मेल वर्षातून एकदाच येतात आणि राहिलेल्या जागा तेव्हाच सापडतात. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं लावा. मुदत चुकली तर ते दुसरा कोणी विकत घेऊ शकतो आणि तुमचे मेल त्याच्याकडे जाऊ लागतात. आणि डोमेन विकणाऱ्याकडे संपर्कासाठी दिलेला पत्ता त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर अडचणीच्या दिवशी त्याचा मेल तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.