‘७८ वजा करा, झालं मराठी कॅलेंडर’ असं नसतं हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: मराठी कॅलेंडर कोडमध्ये घालणं म्हणजे इंग्रजी सालातून ७८ वजा करून शक काढा, ब्राउझरमधलं ‘इंडियन’ कॅलेंडर लावा, रोज एक तिथी पुढे ढकला, दर तीन वर्षांनी महिना वाढवा, आणि एकच टेबल सगळ्यांना चालतं. कोकणात होमस्टेची, गाड्यांच्या बुकिंगची ॲपं करणारी मंडळी हे उचलतायत म्हणून लिहितोय, कारण यातलं एकही वाक्य धड नाही.

७८ चं आधी संपवतो. जानेवारीपासून गुढीपाडवा होईपर्यंत ७९ वजा होतात. बस.

‘इंडियन’ कॅलेंडरचं मात्र खरं दुखणं आहे. ते आपलं पंचांग नव्हेच, ती शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीची राष्ट्रीय दिनदर्शिका, २२ मार्च १९५७ पासूनची, पूर्ण सौर, चंद्राशी काही संबंध नाही. नावं तेवढी चैत्र-वैशाख. त्यात भाद्रपद कायम २३ ऑगस्टला लागतो, म्हणजे तुमच्या कोडात गणपती दरवर्षी २६ ऑगस्टला येणार, आणि खरे गणपती २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२६ ला १४ सप्टेंबर. चाकरमानी कधी येणार हेच ज्या ॲपला कळत नाही त्यानं सीझनचे रेट काय लावायचे?

रोज एक तिथी? तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर, चंद्राचा वेग बदलता, त्यामुळे ती साधारण १९ ते २६ तास चालते. कधी दोन सूर्योदयांना तीच तिथी, कधी एखाद्या तिथीला सूर्योदयच मिळत नाही. शिवाय सूर्योदय गावागावाचा वेगळा, रत्नागिरी आणि नागपूरमध्ये मोसमानुसार पंधरा मिनिटं ते अर्धा तास फरक पडतो. आणि सगळं सूर्योदयावरच ठरतं असंही नाही, गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघतात, संकष्टीला चंद्रोदय.

अधिकमास २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण, २०२६ ला परत ज्येष्ठ, पहिलं अंतर दोनच वर्षांचं, महिनाही बदलता, मग ‘दर तीन वर्षांनी’ कसं म्हणणार? ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, हे गणितच करावं लागतं. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते ती इंग्रजी तारखेनं, पण नारळी पौर्णिमा २०२३ ला त्या अधिक श्रावणामुळे थेट ३० ऑगस्टला गेली.

राहिलं एकच टेबल. रत्नागिरीकडे आजही कितीतरी घरं टिळक पंचांग पाळतात, त्यांची संक्रांत १० जानेवारीला, कारण राशीचक्राचा आरंभबिंदूच वेगळा धरलाय, साधारण चार अंशांनी. त्यामुळे कधी अधिकमास वेगळा पडतो आणि तशा एखाद्या वर्षी त्यांच्याकडे गणपती महिनाभर आधी बसतात. एकाच वाडीत दोन तारखा, आणि दोन्ही बरोबर!

म्हणून डेटाबेसमध्ये तारीख कोंबू नका, नियम ठेवा: महिना, पक्ष, तिथी, दिवसातली कुठली वेळ बघायची, गावाचे अक्षांश-रेखांश आणि पंचांग कुठलं. सूर्य-चंद्राची स्थिती स्विस इफेमेरिससारख्या लायब्ररीतून घ्या, आणि पंचांग निवडायचा पर्याय युजरला पहिल्याच स्क्रीनवर द्या.