कमरेला पिस्तूल असताना ‘एकच बिअर’: समीर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

समीर,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. पिस्तूल अंगावर असताना एक बिअरही नको, या माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: टेक्ससमध्ये रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांच्या आत असलं की पिऊनही पिस्तूल बाळगता येतं. जेवणाबरोबर एक बिअर घेणाऱ्या, पिस्तुलाचा परवाना असलेल्या माणसाला मी उगाच बेजबाबदार ठरवतोय. पिस्तूल गाडीत ठेवून जाणं त्याहून धोक्याचं. आणि अगदीच वेळ आली तर तुम्ही ते न पिणाऱ्या मित्राकडे सोपवता.

आधी कायदा. टेक्ससच्या दंडसंहितेत नशेची व्याख्या दुहेरी आहे. रक्तातलं अल्कोहोल ०.०८ किंवा जास्त असणं ही एक बाजू. दारूमुळे शरीरावर किंवा बुद्धीवर नेहमीसारखा ताबा न राहणं ही दुसरी, आणि तिला आकडाच नाही. म्हणजे ०.०५ असतानाही तुम्ही अडकू शकता. ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून होते, तिथे ५१ टक्क्यांची लाल पाटी असते. तिथे तर न पिताही पिस्तूल नेता येत नाही. राज्याची हद्द ओलांडली की सगळंच बदलतं. मिशिगनमध्ये मर्यादा ०.०२ आहे. व्हर्जिनियात परवानाधारक अंगावर लपवलेलं पिस्तूल घेऊन दारू मिळणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये बसू शकतो, पण तिथे त्याने पिता कामा नये. ओहायोतही तसंच.

पण कायदा काही म्हणो, माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. पिस्तूल बाळगणाऱ्याचं खरं काम ते न काढण्याचं असतं. पार्किंगमध्ये कुणी शिवी घातली, गाडी आडवी घातली, तर गप्प बसून निघून जायचं. हे भान दारू सगळ्यात आधी काढून घेते. पाय लटपटायच्या कितीतरी आधी. आणि ते गेलंय हे ज्याचं गेलंय त्यालाच कळत नाही. म्हणून ‘मला एका बिअरने काही होत नाही’ हे तुमचं वाक्य मी पुरावा म्हणून धरू शकत नाही.

आता रात्री घरी परतल्यावर काय होतं ते बघा. पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, निघतं. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची, चेंबरमधली (नळीच्या मागच्या खाचेतली, झाडायला तयार असलेली) गोळी बाहेर पडू द्यायची, मग चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. क्रम चुकला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, की नवी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते आणि आपल्याला वाटतं पिस्तूल रिकामं आहे. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलासारखं पिस्तूल सफाईसाठी उघडायचं तर ट्रिगर दाबावाच लागतो. भिंतीपलीकडे मुलं झोपलेली असतात. दोन पेगनंतर या क्रमावर माझा स्वतःवर विश्वास नाही आणि तुम्हीही ठेवू नये, असं मी कळकळीने सांगतो.

समजा खरोखरच जीव वाचवायला गोळी झाडावी लागली. तुम्हाला वाटलेली भीती वाजवी होती का, हाच पुढे कळीचा प्रश्न असतो. बिलावरची ती एक बिअर सरकारी वकील सोडणार नाही, नुकसानभरपाईचा दावा लावणारा तर नाहीच.

गाडीबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. काच फोडून ग्लव्ह कंपार्टमेंटमधून चोरलेलं पिस्तूल कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. म्हणूनच निर्णय घरून निघतानाच घ्यायचा. प्यायची असेल तर पिस्तूल सेफमध्ये. पिस्तूल कमरेला असेल तर यजमानांनी कितीही आग्रह केला तरी सोडा-लिंबू. ऐनवेळी बेत बदलायचा नाही.

राहिला तुमचा मित्र. तो एच-१बी व्हिसावर असेल तर केंद्रीय कायद्याने त्याला बंदूक आणि काडतुसंही जवळ ठेवायला बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. आपल्या लोकांच्या पार्टीत न पिणारा, भरवशाचा म्हणून हटकून असाच एखादा नवीन आलेला मुलगा सापडतो. तुमच्या एका बिअरपायी त्याचा व्हिसा, नोकरी आणि पुढचं ग्रीन कार्ड पणाला लागतं. कृपा करून हे आजपासून बंद करा.