साडेअकराचा भैरव

मला फक्त सुईचे तास मोजायचे होते. रेकॉर्ड प्लेअरची हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. मग ती बदलायची, नाहीतर तबकडीच्या खाचांची वाट लागते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी ती किती चालली, यावर एकमत नव्हतं. आई म्हणे मागच्या पोळ्याला बदलली, बाबा म्हणत त्याच्या मागच्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या जमान्यात हा तंटाच नव्हता. पोलादी सुई असायची, एक बाजू वाजली की फेकून द्यायची. हिरा आला आणि त्याच्यामागे हिशेब आला.

म्हणून मी वेब अ‍ॅप लिहायला घेतलं. तबकडी लावली की मोबाइलवर तिचं नाव निवडायचं, बाजू ए की बी ते दाबायचं, झालं. मोबाइलवरचं गाणं आपण काय ऐकतो ते परस्पर कुठे कुठे कळवून मोकळं होतं. तबकडी मात्र तोंड उघडत नाही. अपवाद गौहर जानचा. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गाणं संपताच तिनं "माय नेम इज गौहर जान" असं ठणकावून सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि गाणारी कोण हे तिथे कळायला हवं होतं. स्वतःची नोंद स्वतः करणारी बाई! पुढच्यांनी हा शिरस्ता मोडला, तो निस्तरतोय मी.

जुन्या तबकड्यांवर बारकोड नसतो. लेबलवरचा बारीक नंबर भिंगातून वाचायचा आणि टंकायचा. हे काम बाबांनी हौसेनं घेतलं. त्यांनी एकदा 'लता', एकदा 'लताबाई' आणि कंटाळा आल्यावर नुसतंच 'ल.मं.' लिहिलं. महिनाअखेरच्या अहवालात तीन वेगवेगळ्या गायिका आमच्या घरात लोकप्रिय ठरल्या. डेटाबेसही तसाच. एलपी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. त्यानं तो एक तृतीयांश बिनबोभाट गिळला, नुसते ३३ ठेवले.

सुई आधी किती झिजली हे अ‍ॅपला कसं कळणार? मग हिशेब शून्यापासून सुरू व्हावा म्हणून सीताबर्डीवरून नवीच सुई आणली. जुनीला नेमकं काय झालं होतं, हे आता कोणी विचारत नाही.

खरा भडका भैरवावरून उडाला. बाबा पहाटे पाचला उठून भैरव हा सकाळचा राग लावतात, आणि आता शिस्तीत बटणही दाबतात. एका रविवारी तर्री पोहे खाता खाता त्यांनी अहवाल उघडला आणि चमचा खाली ठेवला.

"काहून बे, रात्री साडेअकराले भैरव कोन लावून राहिला?"

"तुम्हीच, बाबा. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं आहे. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले पहाटेचे पाच म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा."

"मंग त्याले सांग ना का हा भैरव हाय!"

सर्व्हरला भैरव कळत नाही, हे त्यांना पटवता येईना. रात्री भैरव लावणारा माणूस अशी आपली लेखी नोंद मागे राहणार, याचा त्यांना घोर लागला. घरी येईल त्या पाहुण्याला ते चहाआधी खुलासा देऊ लागले. शेवटी वेळ नागपूरची केली, जुन्या नोंदी पुढे सरकवल्या, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

मग मे आला. पारा पंचेचाळिसाला, कूलर दिवसरात्र सुरू. आमचा कूलर चालू असला की शेजारच्या खोलीतला माणूस ऐकू येत नाही, तिथे सतार कुठली ऐकू येणार? गाणं ऐकायचं तर कूलर बंद करावा लागतो, आणि कूलर बंद केला तर माणूसच शिजतो. अ‍ॅपमधला आलेख मार्चपर्यंत डोलत आला होता, तो एप्रिलात बसला आणि मेमध्ये आडवा झाला. मी तो आलेख मोठ्या कौतुकाने बाबांना दाखवला.

"उन्हाळा हाय हे सांगाले कॉम्प्युटर लागते का बाप्पा?" बाबा म्हणाले. मग कूलरकडे पाहत थोडा विचार केला. "त्यापेक्षा याचे तास मोजून दे. ताट्या कधी बदलाच्या ते तरी समजन."

आईनं आतूनच ओरडून सिलिंडर कधी लावला तेही त्यात घालायला सांगितलं.